आधी जायचं कधी ते सांगा

पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना फिरत्या प्रेषितांचा फार ताप होता. आज एक येई, उद्या दुसरा. प्रत्येक जण देवाच्या नावानं बोले आणि प्रत्येकाला जेवण-अंथरूण लागे. यातला खरा कोण आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा कोण, हे ओळखायचं कसं? त्या काळातली 'डिडाखे' नावाची एक छोटी ग्रीक नियमपुस्तिका आहे. कित्येक शतकं तिचा पत्ता नव्हता. १८७३ साली फिलोथिओस ब्रिएनिओस या ग्रीक धर्मगुरूला कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका ग्रंथालयात तिची प्रत सापडली. तिच्यातला तोडगा अगदी व्यवहारी आहे. आलेल्याला देवाचा माणूस म्हणून घरात घ्यावं. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही, तर तो खोटा समजावा. निघताना त्याला पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकरी बांधून द्यावी. त्यानं पैसे मागितले, तर तोही खोटाच.

मराठी म्हण याहून फटकळ आहे: एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. तीन दिवसांचा हा हिशेब अरबस्तानातही भेटतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत पाहुणचार तीन दिवसांचा सांगितला आहे. पहिला दिवस आणि रात्र खास सरबराईची, पुढे घरात असेल ते, आणि तीन दिवसांनंतर जे पानात पडेल तो दानधर्म. यजमानाला जड होईपर्यंत राहू नये, अशी पाहुण्यालाही तिथंच ताकीद आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात तर एका रात्रीपुरता उतरतो त्यालाच अतिथी म्हटलं आहे. आपल्याकडच्या तीर्थक्षेत्रांतल्या कितीतरी धर्मशाळांत 'तीन दिवसांहून अधिक मुक्काम करता येणार नाही' अशी पाटी असते, आणि तिच्याविषयी कुणाची तक्रार नसते.

तेव्हा पाहुण्यानं कधीतरी जावं, ही अपेक्षा काही आजच्या सरकारांच्या डोक्यातून निघालेली नाही. मग व्हिसाशिवाय एखाद्या देशात शिरताना 'बाहेर जायचं तिकीट दाखवा' म्हटलं की माणसाला चपराक बसल्यासारखं का होतं? नियम तर तोच दिसतो. फरक नेमका कुठे पडला, हा प्रश्न विमानप्रवासाच्या सोयी-गैरसोयींपुरता नाही. परक्याशी कसं वागावं याविषयी धर्मांनी आणि तत्त्वज्ञांनी हजारो वर्षं जो खल केला, त्यातलाच तो आहे.

आधी काउंटरवर काय घडतं ते पाहू. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसाशिवाय यायची मुभा दिली. सुरुवातीला ३० दिवसांची, जुलै २०२४ पासून ६० दिवसांची. डिसेंबर २०२३ पासून मलेशियानंही ३० दिवसांसाठी दार उघडलं. मुंबईहून बँकॉकला जाणाऱ्या रात्रीच्या विमानाला तेव्हापासून पाठीवर सॅक घेतलेली तरुण मंडळी भरपूर दिसू लागली. समजा, त्यातल्या एकाचं तिकीट फक्त जायचं आहे. बँकॉकहून रेल्वेनं नाँगखायपर्यंत, तिथून मेकाँगवरचा पूल ओलांडून लाओसमध्ये, असा त्याचा बेत.

"सर, रिटर्न तिकीट?"

"नाही, तिथून लाओसला जाणार."

"मग लाओसचं दाखवा."

"ते तिकडे गेल्यावर काढणार. रेल्वेनं."

काउंटरवरची मुलगी पासपोर्टची पानं उलटते, स्क्रीनवरच्या दोन ओळी पुन्हा वाचते, शेजारच्या काउंटरवरच्याला हळूच काही विचारते आणि सुपरवायझरला हाक मारते. तोवर मागे ढकलगाड्यांची रांग लागलेली. सुपरवायझर सभ्यपणे सांगतो की पुढचं काहीतरी तिकीट लागेल, नाहीतर बोर्डिंग पास देता येणार नाही. मुलगा बाजूला होतो, मोबाइलवर बँकॉक-क्वालालंपूर असं सगळ्यात स्वस्त तिकीट शोधतो, पैसे भरतो, आलेला पीएनआर दाखवतो. पास छापून हातात पडतो. त्या विमानात तो बसणार नाही, हे त्याला ठाऊक असतं. मुलीलाही असतं आणि सुपरवायझरलाही. पण स्क्रीनवरची अट पुरी झालेली असते.

या स्क्रीनमागे 'टिमॅटिक' नावाचा माहितीसाठा असतो. विमान कंपन्यांची जागतिक संघटना 'आयाटा' तो चालवते. कोणत्या पासपोर्टला कोणत्या देशात काय लागतं, ते त्यात नोंदलेलं असतं. काउंटरवरचा माणूस इतका कडक का वागतो, याचं उत्तर मात्र १९४४ च्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टात आहे. प्रवाशाकडे लागणारे कागद आहेत की नाहीत, हे विमानात चढवतानाच बघायची काळजी कंपनीनं घ्यायची. उतरल्यावर त्या देशानं प्रवेश नाकारला, तर त्याला परत नेण्याची जबाबदारीही कंपनीची. शिवाय ठिकठिकाणचे दंड. ब्रिटननं १९८७ च्या कायद्यानं अपुऱ्या कागदांच्या प्रत्येक प्रवाशामागे कंपनीला १,००० पौंड दंड लावला. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशानं हा दंड माणशी हजारो युरोंवर नेला. म्हणजे थायलंडचं दार मुंबईतच उभं असतं आणि त्यावर राखण करणारी व्यक्ती थायलंडची नसते, थायलंडच्या पाहुणचाराशी तिचा काडीचाही संबंध नसतो. दंड चुकवायचा, एवढंच तिला बघायचं असतं.

जुन्या पाहुणचाराशी याची तुलना करताना हीच गोष्ट पहिल्यांदा खटकते. डिडाखेत मुदत आहे, हदीसमध्ये आहे, मनूकडेही आहे; पण दार आधी उघडतं आणि मुदत मागाहून सुरू होते. सूर्यास्ताला आलेल्या अतिथीला परत पाठवू नये, असं मनू गृहस्थाला सांगतो. पराशरस्मृती पुढे जाऊन म्हणते की अतिथीला त्याचं गोत्र, शाखा, अध्ययन काही विचारू नये. मनूला तर जेवण मिळवण्यासाठी स्वतःचं कुळ-गोत्र सांगणारा ब्राह्मणच किळसवाणा वाटतो. आधी कागद दाखवून मग ताटावर बसणं हा पाहुण्याचाही कमीपणा, अशी ती दृष्टी. राहायची मर्यादा होती, पण ती पाळायची पाहुण्यानं, स्वतःच्या लाजेनं. तिची आगाऊ पावती कुणी मागत नव्हतं.

अर्थात या जुन्या दाराला सोन्याचा मुलामा द्यायचं कारण नाही. त्याच मनूच्या त्याच अध्यायात ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय अतिथी ठरत नाही, आणि वैश्य-शूद्राला दया म्हणून नोकरांबरोबर वाढायचं असतं. गोत्र विचारू नये हा उदार नियम ज्यांच्यापुरता होता, त्यांची जात दारात येण्याआधीच कळलेली असे. आजच्या पासपोर्टच्या रंगावरून ज्यांना ही गोष्ट आठवेल, त्यांना ती उगाच आठवलेली नसेल.

युरोपातही परक्यांच्या मुदतीचा विचार जुनाच. प्लेटोनं 'लॉज' या आपल्या शेवटच्या ग्रंथात परदेशी पाहुण्यांची वर्गवारीच केली आहे. उन्हाळ्यात पाखरांसारखे येणारे व्यापारी शहराबाहेरच्या बाजारातच थांबतील. उत्सव बघायला येणाऱ्यांना देवळांजवळ उतरवावं आणि आले ते पाहून-ऐकून झालं की त्यांनी निघावं. शिवाय राजदूत आणि क्वचित येणारा एखादा ज्ञानी. कायम काम करून राहणाऱ्या परदेशी माणसालाही तो २० वर्षांची मुदत देतो. नोंद झाल्यापासून वीस वर्षं भरली की आपलं सामान घेऊन जावं. मात्र शहरासाठी त्यानं काही भरीव केलं असेल, तर सभेपुढे जाऊन मुदत वाढवून मागता येते, अगदी आयुष्यभरासाठीही. ही पळवाट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आजच्या व्हिसामुक्त प्रवासाचं तत्त्वज्ञान कुणी लिहून ठेवलं असेल, तर ते इमॅन्युएल कांटनं. गंमत अशी की हा माणूस पूर्व प्रशियाबाहेर कधी पाऊल न टाकलेला. कोनिग्सबर्ग हे बंदर, तिथं येणारी जहाजं आणि प्रवासवर्णनांची पुस्तकं यांवरच त्याचं जग उभं होतं. १७९५ साली शाश्वत शांततेवर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात त्यानं जगभरच्या माणसांचा एक हक्क सांगितला: दुसऱ्याच्या भूमीवर आलो म्हणून शत्रूसारखी वागणूक न मिळण्याचा. पृथ्वी गोल आहे, तिच्यावर माणसं अनंत पांगू शकत नाहीत, शेवटी एकमेकांशेजारी राहावंच लागणार, आणि मुळात कोणत्याही तुकड्यावर कुणाचा दुसऱ्याहून अधिक हक्क नाही, असा त्याचा युक्तिवाद. पण हा हक्क भेटीचा. मुक्कामाचा हक्क त्यातून मिळत नाही. त्यासाठी वेगळा करार हवा. आलेल्याला परत पाठवताही येतं, अट एकच की त्यात त्याचा नाश होता कामा नये.

भेट हक्काची, मुक्काम करारानं. व्हिसाशिवाय ६० दिवस आणि बाहेरचं तिकीट ही रचना या एका वाक्यातून निघाल्यासारखी दिसते. पण कांटनं ही मर्यादा कुणासाठी आखली होती ते पुढच्याच परिच्छेदांत कळतं. त्याच्या डोळ्यांसमोर दुबळे प्रवासी नव्हते. व्यापाराच्या नावानं हिंदुस्थानात फौजा घेऊन उतरलेले, जिथं गेले तिथली माणसं जणू नाहीतच असं वागणारे युरोपीय लोक त्याला खुपत होते. चीन आणि जपाननं अशा पाहुण्यांना दारातच थोपवलं, याला तो शहाणपण म्हणतो. भेटीला म्हणून येऊन न गेलेल्या पाहुण्यांची यादी केली, तर तिच्यात ईस्ट इंडिया कंपनी फार वर येईल. तिच्याकडे परतीचं तिकीट कुणी मागितलं नव्हतं.

शंभर वर्षांनी ती मर्यादा उलट्या दिशेनं लागू झाली. १८९७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीनं स्थलांतरितांना आळा घालणारा कायदा केला. त्याच वर्षी १३ जानेवारीला, कितीतरी दिवस दर्बानच्या बंदरात अडवून ठेवलेल्या जहाजातून गांधीजी उतरले आणि गोऱ्या जमावानं त्यांना मारहाण केली होती. कायद्यात हिंदी माणसाचं नावही नव्हतं; युरोपीय भाषेत अर्ज लिहिता येण्याची परीक्षा होती, आणि ती कुणासाठी आहे हे सर्वांना माहीत होतं. नको असलेला माणूस उतरवला तर जहाजाच्या कप्तानाला आणि मालकाला किमान १०० पौंड दंड. त्या माणसाला परत न्यायची सोय होईपर्यंत जहाज बंदर सोडू शकत नसे. आजच्या विमान कंपन्यांवरच्या दंडाचा हा सख्खा आजोबा. तात्पुरत्या भेटीसाठी येणाऱ्याला रोख अनामत ठेवून पास मिळे आणि जाताना ती अनामत परत मिळे. आजच्या व्यवस्थेपेक्षा ही तरतूद एका बाबतीत सरळ म्हणावी लागेल: जाण्याची हमी म्हणून पैसेच हवेत, हे ती तोंडावर सांगत होती, आणि दिलेला शब्द पाळला की पैसे परत करत होती. काउंटरवर घाईनं काढलेल्या स्वस्त तिकिटाचे पैसे बहुधा बुडतातच.

कॅनडानं १९०८ साली याहून चतुर युक्ती काढली. जन्मदेशाहून किंवा नागरिकत्वाच्या देशाहून थेट, खंड न पडता आणि निघण्यापूर्वीच काढलेल्या तिकिटावर जो येईल, त्यालाच उतरता येईल. आशियाई माणसाकडे वर २०० डॉलरही हवेत. हिंदुस्थानातून थेट तिकीट देऊ शकणारी जहाज कंपनी होती, पण अशी तिकिटं विकू नका, असं तिला सरकारनंच बजावलं. आधी तिकिटाची अट घालायची आणि मग ते तिकीटच बाजारातून उचलायचं. १९१४ साली गुरदित सिंग यांनी हाँगकाँगहून 'कोमागाता मारू' हे जहाज भाड्यानं घेऊन या अटीला आव्हान दिलं. ३७६ प्रवासी २३ मे रोजी व्हँकूव्हरला पोचले. आधीचे रहिवासी आणि आणखी मोजके, असे २४ जण सोडून कुणालाही उतरू दिलं नाही. दोन महिने जहाज बंदरात अडकलं, २३ जुलैला त्याला हाकललं गेलं, आणि २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज इथं ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात सुमारे २० प्रवासी मेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ साली.

इथं तिकीट हे प्रवासाचं साधन उरलेलंच नव्हतं, त्याची गाळणी झाली होती. आजच्या बाहेरच्या तिकिटाला तेवढा कावा नाही, हे मान्य केलंच पाहिजे. फुकट दार उघडणाऱ्या देशानं 'तुम्ही जाल हे दाखवा' म्हणण्यात अन्याय कसला, असं कुणी विचारलं तर उत्तर देणं सोपं नाही. अमेरिकासुद्धा व्हिसामाफीवर येणाऱ्या जपानी किंवा फ्रेंच माणसाकडे परतीचं वा पुढचं तिकीट मागते. ते तिकीट कॅनडात, मेक्सिकोत किंवा कॅरिबियन बेटांवर संपत असेल, तर तिथं राहत नसलेल्यांच्या बाबतीत चालत नाही. नियम सगळ्यांना आहे. पण सगळ्यांना तो सारखा बोचत नाही. ज्याच्या पासपोर्टला शंकेची जोड नाही, त्याला काउंटरवर क्वचितच विचारलं जातं. शंका आधीपासून असते, तिकीट फक्त तिचं तोंड बंद करतं.

ही शंका कायद्यात लिहिलेलीही सापडते. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातलं कलम २१४ (ब) मराठी मध्यमवर्गाला तोंडपाठ आहे. येणारा प्रत्येक परदेशी माणूस कायमचं राहायलाच येतोय असं गृहीत धरायचं, आणि तसं नसल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखतीला गेलेले निवृत्त आई-वडील फ्लॅटचा करारनामा, पेन्शनचं पासबुक, मुदत ठेवींच्या पावत्या असं जाडजूड बाड घेऊन रांगेत उभे असतात, आणि समोरचा अधिकारी बऱ्याचदा ते उघडूनही पाहत नाही. त्याला तरी दुसरं काय करता येणार? उद्या परत येण्याचा इरादा हा कुठल्या कागदावर उतरतो?

तिकीट इरादा सिद्ध करत नाही. ते विकत घेण्याची ऐपत सिद्ध करतं. त्यामुळेच तिकिटं भाड्यानं देणारा धंदा उभा राहिला: काही डॉलर भरा, एक-दोन दिवस टिकणारं खरं आरक्षण मिळेल, पीएनआर तपासला तर विमान कंपनीच्या यादीत दिसेल, नंतर ते आपोआप रद्द होईल. संगणकावर बनवलेलं बनावट तिकीट हा सरळ गुन्हा आहे, पण हे आरक्षण दाखवलं त्या घटकेला खरंच असतं. मग ते दाखवणं हे खोटं बोलणं झालं का?

शाश्वत शांततेनंतर दोनच वर्षांनी, १७९७ साली, कांटनं खोटेपणावर एक कडवा लेख लिहिला. मित्र तुमच्या घरात लपला आहे, दाराशी मारेकरी त्याचा पत्ता विचारतोय. तरीही खोटं बोलण्याचा हक्क तुम्हाला नाही, असा त्याचा निकाल. त्याचा रोख बेंजामिन काँस्तँ या फ्रेंच लेखकाकडे होता. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला नेमकी उलटी गोष्ट सांगतो. सत्याचं व्रत घेतलेला कौशिक नद्यांच्या संगमापाशी राहत होता. दरोडेखोरांना भिऊन काही माणसं त्याच्या देखत रानात शिरली. पाठलाग करणाऱ्यांनी विचारलं, यानं खरं सांगितलं, माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. काउंटरवरच्या मुलीच्या मागे कुणी मारेकरी नसतो, त्यामुळे सॅकवाल्या मुलानं उगाच कौशिकाचा आधार घेऊ नये. त्याला फार तर सहल पुढे ढकलावी लागेल. पण त्याच रांगेत असा माणूस असू शकतो की ज्याला परत जायला जागाच उरलेली नाही. १९५१ च्या निर्वासित करारानुसार, थेट संकटातून येऊन लगेच स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे हजर होणाऱ्या निर्वासिताला बेकायदा शिरल्याबद्दल शिक्षा करता येत नाही. पण विमान कंपनीला वाटणारी दंडाची भीती त्याला मुळात तिथवर पोचूच देत नाही. २०१५ साली तुर्कस्तानहून समोरच्या ग्रीक बेटावर जायला पर्यटकाला मामुली भाड्यात फेरीबोट होती. सीरियन कुटुंबं रबरी होडीतल्या जागेसाठी दलालांना माणशी हजार युरोंच्या घरात पैसे मोजत होती. पाठवल्यानं ज्याचा नाश होईल त्याला परत पाठवू नये, ही कांटची एकुलती अट इथं मोडते, आणि ती मोडताना कुणी कायदा मोडलेला नसतो.

आणि एक विचित्र गोष्ट. पाहुणा नक्की जाणार याची खात्री ज्याच्याविषयी सर्वांत अधिक देता येईल, त्याच्याकडे कधीच तिकीट नसतं. संन्याशानं गावात एक रात्र आणि नगरात पाच रात्री राहावं, असं विष्णुपुराण सांगतं. जैनांच्या कल्पसूत्रात महावीरांची चर्या जवळजवळ याच शब्दांत येते. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर मुक्काम नाहीच. जाणं हे त्यांचं व्रत होतं, कुठे जाणार हे ठरलेलं नव्हतं. टिमॅटिकला व्रत वाचता येत नाही. ते वाचता यावं अशी अपेक्षाही कुणी करणार नाही. पण माणूस कधी जाणार आणि कुठे जाणार हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं तरी या जुन्या चर्येवरून उघड होतं. देशाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर मागायचा हक्क आहे. काउंटरवर मात्र दुसऱ्याचं मागितलं जातं, तेही विमानाच्या वेळेसकट.

शिवाय बेत बदलतो. जुन्या नियमकारांनी ही शक्यता धरलेली होती. प्लेटोची पळवाट वर आलीच आहे. डिडाखेतही प्रेषितांच्या नियमापुढे साध्या वाटसरूचा नियम आहे: दोन-तीन दिवस राहू द्यावं, त्याला इथंच वस्ती करायची असेल आणि हातात काही कसब असेल, तर त्यानं काम करून खावं, कसब नसेल, तर रिकामटेकडा न राहता तो कसा जगेल हे मंडळीनं आपल्या बुद्धीनं ठरवावं. पाहुणा राहून जाऊ शकतो, हा विचार तिथं फसवणूक मानलेला नाही.

तो फसवणूक कधी ठरतो आणि कधी सोय, हे यजमानाच्या गरजेवर ठरतं, आणि याचा सर्वांत ढळढळीत पुरावा हिंदी महासागरातल्या मॉरिशसमध्ये आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजातून ३६ करारी मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या आठ-नऊ दशकांत जवळजवळ पाच लाख हिंदी माणसं तिथल्या घाटाच्या पायऱ्या चढली, त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडचे मराठी लोकही होते. करार साधारण पाच वर्षांचा, आणि सुरुवातीला त्यात परतीचा प्रवास फुकट होता. परतीचं तिकीट तेव्हा मजुराचा हक्क होतं. ऊसमळेवाल्यांना हे महाग पडत होतं. अनुभवी मजूर जाऊ नये, हीच त्यांची इच्छा. १८५० च्या दशकात तो हक्क काढून घेतला गेला. पुढे १८६७ च्या कायद्यानं करार संपलेल्या मजुराला स्वतःचा फोटो लावलेलं 'तिकीट' सतत जवळ बाळगायची सक्ती केली. ते नसेल तर भटक्या म्हणून अटक.

त्याच काळात नाताळमध्ये बरोबर उलटं. तिथल्या गोऱ्यांना मजूर हवे होते, शेजारी नको होते. १८९५ च्या कायद्यानं करार संपल्यावर नवा करार न करता किंवा हिंदुस्थानात न परतता राहणाऱ्यावर वर्षाला ३ पौंडांचा कर बसला. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा हा कर रद्द होईल असं आश्वासन घेऊन परतले. ते पाळलं गेलं नाही, १९१३ चा मोठा संप झाला आणि कर गेला तो १९१४ साली. एका वसाहतीनं परतीचं तिकीट हिसकावलं, दुसरीनं ते गळ्यात बांधलं. ज्यांच्याविषयी हे चाललं होतं ती माणसं दोन्हीकडे सारखीच होती: घरून निघताना परत यायचंच असं बोलून निघालेली.

मॉरिशसहून त्यातली बहुतेक परत आली नाहीत. आज तिथं गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुईचा तो घाट, आताचा आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. रत्नागिरीहून तो बघायला जाणाऱ्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट, राहायची जागा, पुरेसे पैसे आणि परतीचं किंवा पुढचं तिकीट एवढं दाखवावं लागतं. हा नियम करणाऱ्या देशात मोठ्या संख्येनं अशा लोकांचे वंशज आहेत की ज्यांच्या पूर्वजांचा पाच वर्षांचा बेत बदलला, आणि आपण मुळात काय ठरवून निघालो होतो याचा पुरावा त्यांच्याकडे कुणी मागितला नाही.